थांबलं हाये, सरलं नाही

पडद्यावर बोलणाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं आणि मधोमध ते पांढरं चक्र गरगर फिरायला लागलं, की ती खुर्चीवरून उठायची आणि थेट दाराशी जायची. डावा हात दारात आडवा धरायची. हातात बांगड्या नाहीत, मनगटावर पुरुषी पट्ट्याचं घड्याळ, तेही सैल. म्हणायची, “उठू नका. थांबलं हाये, सरलं नाही.”

तुम्ही-आम्ही काय करतो? व्हिडिओ अडकला की माउस आपटतो, मोबाइल कंपनीला चार शिव्या देतो आणि चहाला उठतो. ही आधी माणसं अडवायची. सगळे पुन्हा बुडं टेकून बसले याची खात्री झाली की मगच कॉम्प्युटरकडे वळायची. गावचे जुने कोतवाल एकदा अगदी काकुळतीला आले होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेली, हातात काठी, आणि वयाप्रमाणे घाईही लागायची. “माय, मले लघवीले तं जाऊ देशील का नाही?” ती म्हणाली, जा, पण काठी इथं ठेवून जा. काठीशिवाय म्हातारा घरी जाणार नाही हे तिला ठाऊक होतं. कोतवाल काठी ठेवून गेले आणि परत आले. तेव्हा पडद्यावर कुठलेसे मंत्री बोलत होते. पाणी सोडून आल्यावर पुन्हा ऐकावं असं त्या भाषणात काहीही नव्हतं, याला मी स्वतः साक्ष आहे.

आर्णीपासून आत, जिथे एसटी वेळेवर आली तर लोक ड्रायव्हरची तब्येत विचारतात अशा गावात मी उपकेंद्रावर सिस्टर होते. ग्रामपंचायत आणि आमचं उपकेंद्र एकाच आवारात, मधे एक कडुनिंब. ती ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची. दाखले, सातबारे, विम्याचे अर्ज. गाव तिला ऑपरेटर बाई म्हणायचं. मीही तेच म्हणायचे, पण चिडवायला. ती मला सिस्टर म्हणायची, आणि रागावली की जरा लांबवून “सिस्टरबाई” म्हणायची.

पंचायतीच्या खोलीत भिंतीवर एक मोठा टीव्ही होता, कॉम्प्युटरला जोडलेला. लाइव्ह काही असलं की गाव तिथे जमायचं. दसऱ्याला नागपूरचा दीक्षाभूमीवरचा सोहळा, कधी शेतीवरची चर्चा, कधी कोणाच्या पोराचा परगावी सत्कार. आणि त्या खोलीचा एक रिवाज होता, जो मी दुसऱ्या कुठल्याच गावात पाहिला नाही. दारात चपला काढायच्या आणि मोबाइलचं नेट बंद करायचं. गावाला टॉवर एक. सगळ्यांनी आपापल्या खिशातून ओढाओढ केली तर त्या एका टीव्हीला काय उरणार? चपला काढायला एखादा विसरायचा, नेट बंद करायला कोणी विसरत नसे. खोलीत जागा न मिळालेले लोकसुद्धा घरी बसून नेट बंद ठेवायचे. नव्या आलेल्या तलाठ्याला हे कळेना. त्याने विचारलं तेव्हा कोणीतरी सांगितलं, “बाईचं लाइव्ह सुरू हाये.” त्यानेही बंद केलं.

तिच्याजवळ बसून बसून मीही यातलं थोडं शिकले. चित्र अडकलं की ती आधी दुसरंच काहीतरी लाइव्ह उघडून पाहायची. ते नीट चाललं तर दोष तिकडचा, आपण गप बसायचं. तेही अडकलं तर दोष आपला. मग कॉम्प्युटरवरच्या बाकीच्या खिडक्या बंद करायच्या, मागे गुपचूप काही उतरत असेल तर ते थांबवायचं, राउटरची वायर काढून पुन्हा घट्ट बसवायची. तरी नाही झालं तर कोपऱ्यातल्या सेटिंगच्या चक्रीवर जाऊन चित्र हलक्या दर्जाचं करायचं. “चेहरा धुरकट दिसला तं चालते सिस्टर, बोलणं तुटाले नाही पाह्यजे.” आणि ते पांढरं चक्र का फिरतं हे मी विचारलं तेव्हा म्हणाली, नळ जायच्या आधी आपण पाण्याचा गुंड भरून ठेवतो ना, तसं ते पुढचं थोडं भरून ठेवतं. गुंड रिकामा झाला की थांबतं. भरला की पुन्हा चालतं.

एकदा पुण्याला कंपनीत लागलेल्या एका पोराचं लग्न तिकडेच झालं. गावातल्या सगळ्यांना जाणं कुठून जमणार? त्याने लिंक पाठवली. खोली भरली. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, प्रत्येकीच्या मुठीत फुलांच्या पाकळ्या. वंदना झाली, नवरीने हार उचलला, आणि चित्र थांबलं. नवरीचे हात वर, हार हवेत, नवरदेवाची मान खाली. ऑपरेटर बाई दारात. नवरदेवाच्या आजीने मूठ उघडली नाही. तिच्या मुठीत पाकळ्यांचा लगदा झाला, पण म्हातारी हलली नाही. पुन्हा चित्र आलं तेव्हा तिकडे हार घालून झाले होते, लोक ताटं घेऊन फिरत होते. बाईने खालची तांबडी रेघ धरून चित्र मागे ओढलं, हार अडकला होता तिथवर. मग तो हार पडला, खोलीने “साधु, साधु” म्हटलं आणि आजीने तो लगदा टीव्हीवर फेकला. नंतर पाऊण तास बाई कीबोर्डातून पाकळ्या उपसत बसली होती. मी हसले तर म्हणाली, हसा, पण म्हातारीनं पुरतं पाह्यलं ना?

पुरतं. हा तिचा शब्द होता. अर्धं ऐकून, अर्धं पाहून तिच्या खोलीतून कोणी उठायचं नाही.

इथवर मी हसत सांगितलं. गावही हसायचं, पण तोंडावर नाही. कारण तो हात दारात का आडवा होतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. त्या साली कपाशीही अशी माजली होती की माणूस आत शिरला की दिसेना. गावात बोलायला विषय एकच, कोणतं औषध मारायचं. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात, आणि मी सिस्टर असून मला ते कधी खटकलं नव्हतं. तिचा नवरा मजुरीने फवारायचा. पाठीवर पंप, तोंडाला कधी रुमाल, कधी तोही नाही. दिसायला रांगडा, स्वभावाने लोणी. बायको कॉम्प्युटर चालवते याचा त्याला इतका अभिमान की तिचा माउस बिघडला तरी तो गावभर सांगायचा.

एका तज्ज्ञांचा लाइव्ह कार्यक्रम होता, अळीवर काय फवारावं याचा. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. नवरा सगळ्यात पुढे, मागे वळून वळून सांगत होता, “माही घरवाली चालवून राह्यली हे.” मागच्यांना टीव्ही दिसेना, म्हणून त्यांनी तोच कार्यक्रम आपापल्या मोबाइलवर लावला. त्यांचं पाहून पुढच्यांनीही लावला. एका खोलीत एकच माणूस पन्नास ठिकाणी बोलत होता. आज कळतं, त्या पन्नास मोबाइलांनीच घात केला. तेव्हा कोणाला कळत होतं?

तज्ज्ञांनी दोन्ही हातांत दोन बाटल्या घेतल्या, एकमेकींजवळ आणल्या, आणि चित्र थांबलं. टीव्हीवर थांबलं, मोबाइलवरही थांबलं. बाईने खटपट केली, वायर काढली, घातली. ती तेव्हा नवीनच होती. बाहेर वारा पडला होता, फवारायची वेळ जात होती. कोणीतरी विचारलं, येते का? ती घाम पुसत म्हणाली, “बंद पडलं. आता काही येत नाही.”

लोक उठले. समोर तर दिसतच होतं, दोन बाटल्या, जवळ धरलेल्या. दोन्ही मिसळून मारा, एवढंच सांगत असतील, आणखी काय ऐकायचं? नवऱ्याने जाता जाता तिला हात केला.

खोली रिकामी झाली, मोबाइल खिशात गेले, आणि चित्र आपोआप चालू झालं. मी कडुनिंबाखाली होते. तिने मोठ्या हौसेने हाक मारली, सिस्टर, या, आलं पाहा. मी जाऊन बसले. सुटलेलं ऐकू म्हणून तिने ती तांबडी रेघ मागे ओढली. तज्ज्ञ दोन्ही बाटल्या जवळ धरून सांगत होते, ही दोन कधीही एकत्र करू नका. केलीच असतील तर ते मिश्रण फवारू नका, अंगावर उडालं असेल तर कपडे काढा आणि लगेच धुवा.

तिने फोन लावला. तो बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या शर्टाच्या खिशात वाजत राहिला, हे नंतर कळलं. मी गाडी काढली, ती मागे बसली. कोतवालांना वाटेत सांगितलं. ते काठी टाकून पळाले असं लोक सांगतात, आणि वावरावावरातून ओरडत फिरले. त्या दिवशी बाकीचे सगळे वाचले ते कोतवालांच्या घशामुळे आणि तिच्या फोनमुळे. ती एकेका घरी फोन करत होती, माझ्या मागे बसून, धावत्या गाडीवर.

तो त्या दिवशी कोणाच्या वावरात होता ते शोधण्यात दीड तास गेला. नवरा पंप उतरवून बांधावर बसला होता. आम्हाला पाहून हसला. “दोन दोन सिस्टर दिसून राह्यल्या मले,” म्हणाला. तोंडातून लाळ गळत होती. मी डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. आम्ही दोघींनी त्याचे कपडे काढले, विहिरीवर नेऊन धुतला. अँब्युलन्स आली, यवतमाळला नेला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. तो नाही वाचला.

यावर ती माझ्याशी एकदाच बोलली. कडुनिंबाखाली बसलो होतो. ती म्हणाली, “मीच म्हटलं ना सिस्टर, बंद पडलं म्हून. मीच उठवलं त्याईले.”

मी पुष्कळ बोलले. टॉवर, मोबाइल, अळी, ती कपाशी, सगळ्यांना दोष देऊन पाहिला. ती ऐकत होती, मान हलवत होती. माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. काही दुःखांवर सिस्टरच्या पेटीत काही नसतं.

ती नोकरी सोडेल असं गावाला वाटलं होतं. ती त्याचं घड्याळ मनगटावर बांधून परत आली. पुढच्या लाइव्हला चित्र अडकलं, लोक सवयीने उठू लागले, आणि ती पहिल्यांदा दारात जाऊन उभी राहिली. “उठू नका,” म्हणाली, “थांबलं हाये, सरलं नाही.” सगळे बसले. कोणीतरी खिशातून मोबाइल काढून नेट बंद केलं, मग शेजारच्याने, मग सगळ्यांनी. रिवाज असा सुरू झाला. आणि त्या खोलीत “बंद पडलं” हे दोन शब्द पुन्हा कोणी उच्चारले नाहीत. पंखा थांबला तरी लोक म्हणायचे, थांबला हाये.

कार्यक्रम खरंच संपला, पडदा काळा झाला, की ती खुर्ची मागे सारायची आणि म्हणायची, “सरलं. उठा आता.” त्याआधी उठायची कोणाची छाती नव्हती. तेवढ्यासाठी लोक शेवटपर्यंत थांबायचे, आणि मग शहाण्या पोरांसारखे चपला शोधत घरी जायचे.

तिची मुलगी यवतमाळला शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बाईने मला पेढा दिला, आणि त्याच आठवड्यात मी तिचे डोळे पिवळे पाहिले. कावीळ म्हणून सुरू झालं, निघालं वेगळंच. नागपूरहून परत आली तेव्हा आम्हा दोघींनाही काय ते कळलेलं होतं. मी खोटं बोलले नाही. ती रडली नाही. मी घरी जाऊन रडले.

मुलीला सातवा महिना होता आणि पलंगावरून उठायची मनाई होती. ती तिकडून यायचा हट्ट करत होती, ही इकडून फोनवर तिला रागावत होती. एक दिवस मला म्हणाली, “सिस्टर, तुमचा मोबाइल काढा. लाइव्ह कसं करतेत ते शिकवतो.” मी म्हटलं, मला कशाला? ती म्हणाली, “लेकीले येता येनार नाही. तिले दाखवजा. पुरतं दाखवजा.”

मी तिच्यावर ओरडले. असलं काही बोलायचं नाही म्हणाले, पाठ फिरवून बसले. ती म्हणाली, “सिस्टरबाई, मले दुसरं कोनी नाही सांगाले.”

मग शिकले. ती खाटेवर पडून सांगायची आणि मी तिच्या अंगणात जुन्या स्टँडला मोबाइल लावून तिथला कडुनिंब लाइव्ह करायचे. ती उशाशी दुसऱ्या मोबाइलवर तो कडुनिंब पाहायची आणि सूचना द्यायची. ऊन समोरून घेऊ नका. पायाशी उभं राहा, म्हणजे तोंड दिसेल. चित्र थांबलं तर घाबरून बंद करू नका, हलकं करा. आपल्या मरणाची तयारी ती दाखल्याचा अर्ज भरावा तशी करून घेत होती, आणि मी “हो, हो” म्हणत होते. मला तेव्हा ते झाड मेलं असतं तरी चाललं असतं, ती नको होती जायला.

ती गेली तेव्हा कापूस वेचणीला आला होता. तरी त्या दिवशी वावरात कोणी गेलं नाही. अंगणात माणूस मावेना. मी मोबाइल तिच्या पायाशी लावला. दुसरा फोन कानाशी, त्यावर पुण्याहून जावई. तिथे मुलगी पलंगावर पडून लॅपटॉपवर पाहत होती. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. मी तिच्या चेहऱ्यावरचा कपडा बाजूला केला. चौघांनी तिरडीला हात घातला, ती उचलली, आणि कानात जावई म्हणाला, “मावशी, चित्र थांबलं. ती म्हणते, मायचं तोंड पाह्यचं राह्यलं.”

मी एवढंच म्हणू शकले, “थांबलं.”

कोतवाल फाटकाशी उभे होते. त्यांनी काठी उचलून फाटकात आडवी धरली. “खाली ठेवा,” म्हणाले. “थांबलं हाये, सरलं नाही.”

चौघांनी तिरडी खाली ठेवली. मग कोणी काही न सांगता लोकांनी खिशातून मोबाइल काढले आणि नेट बंद केलं. अंगणातल्यांनी केलं, रस्त्यावरच्यांनी केलं, बायकांनी कनवटीतून काढून केलं, भन्तेजींनी चिवरातून काढून केलं. मी तिने शिकवल्याप्रमाणे चित्र हलकं केलं आणि उभी राहिले. उन्हात सगळं गाव उभं होतं. त्या घडीला कोणी रडतही नव्हतं, सगळे माझ्या हाताकडे पाहत होते.

“आलं,” जावई म्हणाला. मग मुलीचा आवाज आला. “दिसते. माय दिसून राह्यली.” मी तिला पाहू दिलं. तिने पुरतं पाहिलं. तिने सांगितल्यावरच तिरडी उचलली.

नाल्याकाठी अग्नी दिला तेव्हाही मोबाइल चालूच होता. अशा वेळी लोक थोडं थांबतात आणि एकेक करून मागे फिरतात. त्या दिवशी कोणी उठलं नाही. जमिनीवर बसलेलं सगळं गाव तसंच बसून राहिलं, कोतवाल काठी मांडीवर आडवी घेऊन. ज्वाळा बसल्या, ऊन कललं, तरी बसून. आधी मला वाटलं, माया आहे. मग लक्षात आलं, ते त्या शब्दांची वाट पाहत होते. ते ऐकल्याशिवाय उठायची त्यांना सवय नव्हती, आणि ते म्हणणारी समोर जळत होती.

कानाशी मुलगी होती. तिलाही दिसत असणार. तिने नाक ओढलं आणि हळूच म्हणाली, “सिस्टर मावशी, तुमी म्हना ना. माय म्हने तसं.”

मी मोबाइलकडे पाहिलं, आगीकडे पाहिलं. मग म्हटलं, “सरलं. उठा आता.”

लोक उठले, कपड्यांची माती झटकली आणि गावाकडे चालू लागले. घरी पोचेपर्यंत कोणीही नेट चालू केलं नाही.